मोठ्यानं केलेली प्रार्थना

"मीठ संपलंय, बापा," अण्णा म्हणाले. "तेल उद्या सकाळच्या फोडणीपुरतं आहे. सुवार्ताच्या चपलेचा पट्टा तुटलाय, पोरगी पिन लावून शाळेत जाते. तुला सगळं ठाऊक आहेच, पण आपलं सांगून ठेवतो."

आईचे डोळे मिटलेले होते, तरी कपाळावर आठी आलेली मला दिसली. प्रार्थनेत मी नेहमी एक डोळा किलकिला ठेवायची.

माझे वडील देवाशी असंच बोलायचे. वाण्याच्या दुकानात उभं राहून सामान सांगावं तसं. आणि सांगायचे ते ओरडून. जालन्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत ते फिटर होते. उभं आयुष्य यंत्रांच्या धडधडीत गेलं, त्यात त्यांचे कान गेले. समोरच्याचं नीट ऐकू यायचं नाही, आणि आपला आवाज किती चढलाय हेही कळायचं नाही. फॅक्टरी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर अण्णा मिळेल ते काम करायचे, कुठं पिठाच्या गिरणीचा पट्टा बसव, कुठं पाण्याची मोटर खोल. काम असलं तर असलं. नसलं की घरी दिवेलागणीची प्रार्थना जरा लांबायची, एवढंच.

घरच्या गरजा सांगून झाल्या की ते शेजाऱ्यांकडं वळायचे.

"आणि बापा, आमच्या चंद्राबाईंचे डोळे. त्यांना दिसायला कमी येतंय. आणि त्यांचा मुलगा जनार्दन. कुठं आहे तुलाच माहीत. जिथं असेल तिथं त्याला पोटभर मिळू दे, आणि त्याच्या मनात आईची आठवण घाल. येशूच्या नावानं मागतो. आमेन."

"आमेन," आम्ही म्हणायचो.

चंद्राबाई कासार आमच्या शेजारी राहायच्या. एकटी बाई. डोक्यावर पेटी घेऊन गल्लोगल्ली बांगड्या भरत हिंडायच्या. आमची आणि त्यांची खोली एकाच पत्र्याखाली होती आणि मधली भिंत वरपर्यंत गेलेलीच नव्हती. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर जाऊन थांबली होती, पुढं नुसता अंधार आणि लाकडी वासे. त्यांच्याकडं फोडणी पडली की आम्हाला ठसका लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात आल्या. हातात कागदाची पुडी.

"सुवार्ताची आई, हे मीठ घ्या बाई. मला दिसेना, दुकानदारानं दोन पुडे बांधले ते घरी आल्यावर कळलं. एकटीला एवढं मीठ काय करायचंय?"

"अहो, ठेवा की. मीठ काय नासतंय?"

"पाणी सुटतं. घ्या." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुझी चप्पल आण गं इकडं. मी चांभाराकडून जाणारच आहे."

अण्णा अंगणात तोंड धूत होते. मीठ बघून त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बघितलंस?" ते आईला म्हणाले. "रात्री सांगितलं, सकाळी आलं."

आईला कळत नव्हतं असं नाही. पण चंद्रामावशी दर वेळी असं काही निमित्त काढायच्या, की कळूनही न कळल्यासारखं करता यायचं. कधी भाचा गावाकडून ज्वारी देऊन गेला, ती जास्तीची झाली. कधी मेथीची जुडी कुणा गिऱ्हाइकानं बळंच हातात दिली. अण्णांना मात्र यात काही लपलेलं दिसायचंच नाही. देवानं दिलं, चंद्राबाईंच्या हातून दिलं. ते संध्याकाळी दोघांचेही आभार मानायचे, तेही ओरडून.

जनार्दनचं काय झालं होतं ते आम्हाला पुरतं ठाऊक नव्हतं. चुलत्याच्या घरातलं काहीतरी विकून तो पळाला होता म्हणे. मावशींच्या नातेवाइकांनी त्याच्या नावानं आंघोळ करून टाकली होती, आणि त्याचं नाव कुणी घरात काढायचं नाही असं ठरलं होतं. मावशींनी एकदाच, अण्णांचा हात भाजला होता त्यावर हळद लावताना, सहज विषय निघाला तेव्हा ते नाव सांगितलं. अण्णांनी त्या दिवसापासून एक संध्याकाळ चुकवली नाही.

मग एका बुधवारी आई महिला मंडळाच्या सभेहून घरी आली ती चप्पल न काढताच आत शिरली. चुलीपुढं बसली आणि नुसती बसून राहिली.

"काय झालं आई?"

"काही नाही. अण्णांना बोलाव. म्हणावं, जरा बाहेर जाऊन येऊ."

आई संध्याकाळी कधी फिरायला जायची नाही. पण जे बोलायचं होतं ते अण्णांना ऐकू जाण्याइतक्या मोठ्यानं घरात बोलता येणार नव्हतं. आम्ही तिघं नदीकडं गेलो. पात्रात पाणी नव्हतंच, वाळू आणि बाभळी. आसपास कुणी नाही असं बघून आई थांबली.

"आजपासून प्रार्थना मनात करायची," ती म्हणाली.

"काय?"

"मनात! मनात करायची प्रार्थना!"

"का बरं?"

"का म्हणजे? सगळं जातं पलीकडं! तुम्ही मीठ म्हणता, ती मीठ आणते. तुम्ही तेल म्हणता, ती तेल आणते. आज अमोलिकबाई मला सगळ्यांच्या देखत काय म्हणाली माहितीय? तुमचे मिस्टर फार युक्तीचे हो, म्हणाली. मागायचं देवाकडं आणि ऐकवायचं शेजारणीला. बायका हसल्या. पाळकसाहेबांची बायकोसुद्धा हसली."

अण्णांना हे एका दमात कळलं नाही. आईला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना ती रडत होती, आणि रडत रडत ओरडत होती.

"अमोलिकबाईंना कसं कळलं?" अण्णांनी विचारलं.

"चंद्राबाईंनीच सांगितलं असेल बांगड्या भरताना. कौतुकानं सांगितलं असेल. त्यांना काय कळतंय."

अण्णा वाळूत खाली बसले. पायानं एक दगड उकरत राहिले. मग म्हणाले, "मी त्याच्याशी बोलत होतो गं. भिंतीशी नाही."

"मला माहीत आहे. लोकांना माहीत नाही."

"आणि तो देणार कसा? आभाळातून पुडी टाकणार आहे का? कुणाच्या तरी हातूनच देणार ना?"

"त्या बाईला डोळ्यांनी दिसत नाही! दिवसभर पेटी वाहते आणि आपलं पोट भरते! तुम्हाला गोड वाटतं, मला घास गिळत नाही. माझ्या लेकीला उद्या कुणी भिकाऱ्याची म्हटलं तर?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आईच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं आणि अण्णांच्याही नव्हतं. आज इतक्या वर्षांनी मी त्यावर विचार करते, तरी त्या वाळूत दोघांपैकी कुणाला गप्प करावं ते मला सांगता येत नाही.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "मनात करीन. तो मनातलंही ऐकतो."

त्या संध्याकाळपासून आमच्या घरातला आवाज गेला. गीत व्हायचं, तेही हलक्या आवाजात. मग अण्णा डोळे मिटायचे, त्यांचे ओठ हलायचे, आणि बऱ्याच वेळानं ते मान वर करायचे. आमेनसुद्धा आईनं खुणेला माझ्या मांडीवर हात ठेवला की आम्ही पुटपुटायचो.

पुढच्या आठवड्यात आईनं मिशन दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम धरलं. तिथल्या चादरी, पट्ट्या उकळून उकळून तिच्या बोटांची सालं निघाली. पण मीठ आलं, तेल आलं, मला नवीन चप्पलही आली. पहिल्यांदा सामान घरी आणलं तेव्हा तिनं ते चुलीशेजारी मांडून ठेवलं आणि मला म्हणाली, "बघ. कुणाला ऐकवावं लागलं का?"

चंद्रामावशी एकदा डोकावल्या. हातात काही नव्हतं.

"भाऊ बरे आहेत ना?"

"बरे आहेत की. का?"

"नाही, आवाज आला नाही बरेच दिवस. म्हटलं ताप-बिप आला की काय."

"सगळं बरं आहे आमचं. काही कमी नाही आता," आई म्हणाली. तिनं त्यांना आत या म्हटलं नाही. त्या थोडा वेळ चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि मग गेल्या.

त्यानंतरची एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. कंदील लावला होता. गीत संपलं होतं. अण्णांनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले. बाहेरही शांत होतं. आणि भिंतीच्या वरून आवाज आला.

"भाऊ."

मी डोळे उघडले. आईनंही उघडले.

"भाऊ, जरा मोठ्यानं करा की. मी इथं बसलेय."

अण्णांना ऐकू गेलं नाही. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, ओठ हलत होते. मी त्यांच्या गुडघ्याकडं हात नेला. आईनं माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नको.

"जनाचं घेतलं का हो नाव?" पलीकडून विचारलं.

आईनं मनगट सोडलं नाही. तिला वाटत होतं, आता उत्तर दिलं तर सगळं परत सुरू होईल, मीठ आणि मेथी आणि अमोलिकबाईचं हसणं. हे तिनं मला फार पुढं सांगितलं. तेव्हा मला फक्त तिचा सोललेला, खरखरीत हात कळत होता. पलीकडं बराच वेळ काही हललं नाही. मग पाट सरकवल्याचा आवाज आला, आणि दिवा विझवल्यावर येतो तसा वास.

अण्णांनी मान वर केली. आमच्याकडं बघून हसले. आईनं मांडीवर हात ठेवला.

"आमेन," आम्ही म्हणालो.

दिवाळी झाल्यावर मावशींचा भाचा त्यांना न्यायला आला. देऊळगाव राजाला त्याचं दुकान होतं. मावशींना आता समोरचं माणूस ओळखू येत नव्हतं, रस्त्यात सायकलवाल्यानं पाडलं होतं, धंदा होणं शक्य नव्हतं. टांगा दारात लागला. भाच्यानं गाठोडी चढवली, बांगड्यांची पेटी चढवली. आई त्यांना वाटेत खायला दशम्या करून देत होती. अण्णा मावशींना हाताला धरून टांग्यापर्यंत घेऊन गेले, आणि मी मागून त्यांची काठी घेऊन चालले होते.

पायरीवर एक पाय ठेवून मावशी थांबल्या. भाचा घोड्यापाशी टांगेवाल्याशी बोलत होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"भाऊ, एक विचारू? जनाचं नाव सोडलंत का हो तुम्ही?"

अण्णांना त्यांचे ओठ हललेले दिसले. निरोपाचं काहीतरी बोलत असतील असं त्यांना वाटलं.

"हो हो," ते मोठ्यानं म्हणाले, आणि प्रेमानं त्यांचा हात थोपटला. "हो, चंद्राबाई. तुम्ही निर्धास्त जा."

मावशींनी नुसती मान हलवली. मी काठी त्यांच्या हातात दिली. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, एवढंच म्हणायला हवं होतं की मावशी, त्यांना ऐकू आलं नाही. पण आई दशम्यांचं फडकं घेऊन आली, टांगा हलला, आणि अण्णा हात वर करून उभे राहिले, टांगा वळेपर्यंत.

मी शिकले, परिचारिका झाले, त्याच मिशन दवाखान्यात नोकरीला लागले. तिथं कानांचं शिबिर झालं तेव्हा मी अण्णांना नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या कानात मशीन बसवलं. घरी येताना अण्णा रस्त्यात जागोजागी थांबत होते, सायकलची घंटा वाजली की लहान मुलासारखे वळून बघत होते. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला होता की इतक्या वर्षांचा नियम ते विसरले आणि जुन्या आवाजात सुरू झाले.

"हे स्वर्गीय बापा..."

आणि थांबले. दोन्ही हात कानांवर ठेवले.

"मी एवढ्या मोठ्यानं बोलतो?" त्यांनी आईला विचारलं. "मग तुझं बरोबर होतं गं. चंद्राबाईंना त्रासच झाला असेल माझा. बिचारी कधी काही बोलली नाही."

आईनं गीताचं पुस्तक मिटलं, उघडलं, परत मिटलं.

"बोलली होती," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. माझं मनगट कसं धरलं ते सांगितलं. टांग्यापाशी मावशींनी काय विचारलं आणि अण्णांनी काय उत्तर दिलं, ते मी सांगितलं. अण्णांनी एकदाही मध्ये काही विचारलं नाही. ऐकू येत होतं ना आता, सगळं पहिल्याच वेळी ऐकू येत होतं.

"उद्या जाऊ," ते म्हणाले.

देऊळगावला दुकान सापडायला वेळ लागला नाही. दुकानामागंच घर होतं. भाच्याच्या बायकोनं आम्हाला ओसरीवर बसवलं आणि मावशींना धरून आणलं. काचबिंदूनं दोन्ही डोळे पार गेले होते. नुसत्या हडकुळ्या झाल्या होत्या. पण लुगडं स्वच्छ होतं, केस विंचरलेले होते, घरात आबाळ होत होती असं नाही.

"कोण, भाऊ?" अण्णांच्या पहिल्या शब्दालाच त्या म्हणाल्या. "आवाज बारीक झाला तुमचा."

"कानात मशीन घातलंय, चंद्राबाई. आता ओरडावं लागत नाही." अण्णा त्यांच्या जवळ सरकले. "मी तुम्हाला सांगायला आलोय. तुम्ही विचारलं ते मला ऐकू आलं नव्हतं. मी जनार्दनचं नाव सोडलं नव्हतं. एक दिवस सोडलं नाही, आजवर नाही. मनात घेत होतो."

मावशींची बोटं चाचपडत ओसरीच्या कडेवरून फिरत होती.

"चूक माझी होती," आई म्हणाली. "मी त्यांना अडवलं. त्या दिवशी तुमचा आवाज मला ऐकू आला होता. मीच उत्तर दिलं नाही. लाज वाटत होती मला, तुमच्याकडून घेण्याची."

"असंच काहीतरी असेल असं वाटलं होतं मला." मावशींच्या बोलण्यात राग नव्हता. "पण बाई, मी काय देत होते? चिमूटभर मीठ. तुमच्याकडं काय संपलंय ते कानावर पडलं की मला रात्री बरं वाटायचं, सकाळी उठून कुठंतरी जायचंय असं वाटायचं. आणि मीठ दिलं की मग जनाचं नाव ऐकून घ्यायला मला संकोच वाटायचा नाही. ते नाव दुसरं कोण घेत होतं? मीसुद्धा मोठ्यानं घेत नव्हते."

"मी घेत होतो," अण्णा कळवळून म्हणाले. "देवाशपथ सांगतो, रोज घेत होतो. त्यानं ऐकलंय."

"त्यानं ऐकलं असेल, भाऊ. मला नाही ना ऐकू आलं."

भाच्याची बायको चहा घेऊन आली आणि आमच्या तोंडांकडं बघून तशीच उभी राहिली. अण्णांनी कप घेतला आणि खाली ठेवला.

"आत्ता घेऊ का?" त्यांनी विचारलं. "इथंच. मोठ्यानं घेतो, पहिल्यासारखं."

मावशींचा चेहरा क्षणभर असा झाला की त्या हो म्हणतील असं मला वाटलं. मग त्यांनी आवाजाच्या अंदाजानं भाच्याच्या बायकोकडं तोंड वळवलं, आणि परत अण्णांकडं.

"नको, भाऊ. या घरात त्याचं नाव चालत नाही, आणि ह्यांनी मला सांभाळलंय." त्या जरा थांबल्या. "आणि आता माझीही सवय मोडली. फार दिवस वाट बघितली मी संध्याकाळची. मग बघायची सोडली. ते परत नका सुरू करू. तुम्ही जाल, मग मी काय करू?"

आम्ही चहा प्यालो. मावशींनी माझ्या नोकरीची चौकशी केली, लग्नाचं विचारलं, जालन्याच्या नळाला पाणी येतं का विचारलं. आईनं आणलेली फळं त्यांनी हातानं एकेक करून पाहिली आणि भाच्याच्या मुलांसाठी आत पाठवली.

निघालो तेव्हा बसची वेळ झाली होती. मावशी भिंतीला धरत धरत दारापर्यंत आल्या. आम्ही अंगणात उतरून उजवीकडं वळलो होतो, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी समोर, जिथं कुणीच नव्हतं, तिकडं तोंड करून हात जोडले.

आई पुढं गेली होती ती मागं फिरली. चपलेचा आवाज होऊ न देता अंगण ओलांडून ती त्या जोडलेल्या हातांच्या समोर जाऊन उभी राहिली.